पाळीआधीचे आठ-दहा दिवस: आधी वही, मग गोळी

कापूस वेचणीच्या दिवसांत उपकेंद्रावर बाया येतात त्या दिवस कलल्यावर. डोक्याचा रुमाल सोडत, हातावर बोंडांचे ओरखडे घेऊन. अशीच एक जण दाराशी घुटमळली आणि बाकीच्या निघून गेल्यावर हळूच म्हणाली, "सिस्टर, महिन्यातले आठ दिवस मले कोनी काई म्हटलं का रडूच येते. पोरावर हात उचलल्या जाते. छाती दुखते, पोट फुगते. आन् पाळी आली का सारं निवते. हे काय असन?"

तिच्या पिशवीत पाच प्रकारच्या गोळ्या होत्या. एक जावेने दिलेली, एक मेडिकलवाल्याने दिलेली, एक आठवडी बाजारातून आणलेली 'ताकदीची', एक लाल, एक पांढरी. त्रास सुरू झाला की ती सगळ्या एकदम सुरू करायची. पाच-सहा दिवसांत पाळी यायची, बरं वाटायचं आणि गोळ्या बंद व्हायच्या. बरं वाटायचं ते पाळी आल्यामुळे, आणि श्रेय जायचं गोळ्यांना. दर महिन्याला पैसे जात होते आणि त्रास होता तिथेच होता.

यवतमाळ जिल्ह्यात आरोग्यसेविका म्हणून मी बावीस वर्षं काम केलं. या त्रासावर जीवनसत्त्वं आणि खनिजं उपयोगी पडतात का, असं मला कोणी विचारलं तर मी म्हणते, काही पडतात, त्यातलं कॅल्शियम सगळ्यांत जास्त. पण ती एकेक करून, ठरलेल्या मात्रेत, महिनाभर रोज आणि वहीत नोंद ठेवून घेतली तरच काय ते कळतं. ते कसं करायचं तेच इथे क्रमाने सांगते.

हा त्रास कोणता आणि कोणता नव्हे

पुढची पाळी येण्याच्या साधारण चौदा दिवस आधी अंडाशयातून बीज सुटतं. त्यानंतर प्रोजेस्टेरॉन नावाचं संप्रेरक वाढतं आणि पाळीच्या तोंडावर झपाट्याने उतरतं. ही चढउतार प्रत्येक बाईत होते. त्रास होणाऱ्या आणि न होणाऱ्या बायांच्या रक्तात या संप्रेरकांचं प्रमाण जवळपास सारखंच आढळतं. फरक असतो तो मेंदू त्या बदलाला किती संवेदनशील आहे यात. म्हणून सासू म्हणते "आम्हाले नाई झालं असं काही", तेव्हा तीही खरं बोलत असते आणि सून रडते तेही खरं असतं. सुनेची नाटकं नसतात ती.

याला पीएमएस, म्हणजे प्रीमेन्स्ट्रुअल सिंड्रोम, म्हणतात. ओळख सोपी आहे. त्रास पाळीच्या आधीच्या दोन आठवड्यांत सुरू होतो, पाळी आल्यावर दोन-चार दिवसांत जातो आणि त्यानंतरचा निदान एक आठवडा अगदी स्वच्छ जातो. तो स्वच्छ आठवडाच महत्त्वाचा. महिनाभर थकवा असेल, महिनाभर उदास वाटत असेल, तर कारण दुसरीकडे शोधायचं: रक्त कमी असणं, थायरॉइड, नैराश्य, घरातली मारहाण. पाळी चालू असताना ओटीपोटात कळा येतात तो निराळा त्रास, त्याचा उपाय निराळा.

अंगावरून पांढरं जाणं, ओटीपोटात सतत दुखणं, संबंधाच्या वेळी दुखणं हेही यात घालू नका. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांतल्या ६५० बायांची तपासणी केली होती. ती १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. शंभरातल्या ९२ जणींना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता आणि त्याआधी कधी तशी तपासणी झालेल्या शंभरात जेमतेम आठ होत्या. आपल्या भागात बाई अंगावर काढते, हे त्यावरून कळतं. जंतुसंसर्ग व्हिटॅमिनने बरा होत नाही, त्याला तपासणी आणि औषधच लागतं.

दोन पाळ्या नुसती वही

गोळी नाही, पावडर नाही. आधी दोन पाळ्यांपुरती नोंद. पोरांची शाळेची अर्धवट वही चालते, भिंतीवरचं कॅलेंडरही चालतं. आपल्याला जास्तीत जास्त छळणारे चार-पाचच त्रास निवडा. दहा लिहायला घेतले की चौथ्या दिवशी वही सुटते. बहुतेकींचे असे निघतात: चिडचिड किंवा रडू, छाती जड होणं, पोट फुगणं किंवा अंगावर सूज, डोकं दुखणं, गोड-खारट खायची वखवख किंवा झोप न लागणं.

रात्रीचं जेवण झालं, भांडी आवरली की प्रत्येकापुढे एक आकडा टाका. काहीच नाही तर ०, जाणवलं पण काम अडलं नाही तर १, काम रेटावं लागलं तर २, काम सोडून पडावं लागलं किंवा घरात भांडण झालं तर ३. रक्त गेलं त्या दिवशी लाल टिंब. लिहिता येत नसेल तर रेघा मारा, एक रेघ, दोन रेघा, तीन. सातवी-आठवीतल्या लेकीकडून लिहून घेणाऱ्या आया मी पाहिल्यात. मला ते फार आवडतं, कारण लेकीला तिच्या वेळेला हे सगळं आधीच ठाऊक असतं.

शेजारी एका शब्दात त्या दिवसाचं वेगळेपण लिहा. हरतालिकेचा उपवास होता, रात्री मोटरपंपासाठी जागरण झालं, निंदणाची मजुरी दहा तास झाली. उपाशीपोटी उन्हात डोकं दुखलं तर तो पीएमएस नव्हे.

आणखी एक नोंद फार गरजेची. भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात तेव्हा किंवा घरात लग्न असतं तेव्हा पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या जातात. त्या गोळ्यांनीच छाती दुखू शकते, पोट फुगू शकतं, मन बिघडू शकतं. तो महिना वहीत फुली मारून सोडून द्या आणि पुढचा महिना मोजा. या गोळ्या दर सणाला मेडिकलमधून परस्पर आणू नका हेही सांगून ठेवते.

दोन पाळ्या झाल्या की वही समोर धरा. लाल टिंबांच्या आधी आकडे चढलेले आणि नंतरच्या आठवड्यात शून्यं दिसली, तर पुढे वाचा. आकडे महिनाभर विखुरलेले असतील तर वही घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. तीच वही डॉक्टरांना दहा प्रश्नांची उत्तरं देते.

कॅल्शियमच्या आधी रक्त

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायांना रक्तक्षय आढळला. म्हणजे निम्म्याहून जास्त. रक्त कमी असलेल्या बाईला धाप लागते, डोकं जड होतं, चिडचिड होते, आणि पाळीआधी ते सगळं दुप्पट वाटतं. म्हणून उपकेंद्रात किंवा आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या. गरोदर नसलेल्या बाईचं १२ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय.

शाळेतल्या मुलींना आठवड्यातून एकदा निळी गोळी मिळते. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड असतं. वीस वर्षांपुढच्या बायांसाठी तशीच लाल गोळी आहे. आशाताईंकडे मागा. ही मात्रा रक्त कमी होऊ नये म्हणून आहे. आधीच कमी झालेल्या रक्ताला रोजची गोळी लागते आणि ती डॉक्टर ठरवतात.

इथे विदर्भातल्या बाईने थांबून एक गोष्ट विचारायची: सिकलसेलची, म्हणजे रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराची, तपासणी झाली का? गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर आणि मेळघाट या पट्ट्यात सिकलसेल मोठ्या प्रमाणावर आहे. तिथे रक्त कमी असण्याचं कारण लोहाची कमतरता असेलच असं नाही. पेशीच लवकर फुटत असतात, आणि वरचेवर रक्त चढवलेल्या रुग्णाच्या शरीरात लोह साठून त्रास होऊ शकतो. सिकलसेलचा रुग्ण असलेल्या बाईने लोहाची गोळी डॉक्टरांनी लोहाची कमतरता पाहून सांगितल्याशिवाय घेऊ नये. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली आहे. ही तपासणी सरकारी दवाखान्यात करून घ्या.

कॅल्शियम: पहिला आणि सर्वांत भक्कम उपाय

१९९८ साली अमेरिकेत ४६६ बायांवर एक मोठा अभ्यास झाला. निम्म्यांना रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम दिलं, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधी गोळी. कोणाला काय मिळतंय ते त्यांना माहीत नव्हतं. तिसऱ्या पाळीपर्यंत कॅल्शियमवाल्यांचा त्रास ४८ टक्क्यांनी उतरला आणि बिनऔषधी गोळीवाल्यांचा ३० टक्क्यांनी.

दोन्ही आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. नुसती गोळी घेतोय या विश्वासानेही तीस टक्के आराम पडतो, म्हणून बाजारातली कोणतीही रंगीत बाटली पहिल्या महिन्यात 'लागू पडते'. आणि कॅल्शियमचा खरा गुण दिसायला तीन पाळ्या लागतात. आठ दिवस घेऊन सोडलेल्या कॅल्शियमचा उपयोग झाला नाही म्हणून तक्रार करणं म्हणजे पेरणी करून चौथ्या दिवशी शेत नांगरून टाकणं.

ताट आधी पाहू. आपल्याकडच्या बाईला दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं असं हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था सांगते. ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, मिरचीचा ठेचा एवढ्यावर त्याच्या निम्म्यापर्यंतही पोचणं अवघड. कॅल्शियमचा खरा साठा दुधात आहे. पाव लिटर दुधात साधारण ३०० मिलिग्रॅम. पण घरचं दूध डेअरीवर जातं, उरलेलं चहात आणि पोरांच्या पेल्यात. बाईच्या वाट्याला येतं ते ताक. घट्ट ताक असेल तर ठीक, पण एका वाटी दह्याचं तांब्याभर केलेलं असेल तर त्यात वाटीभर दह्याचंच कॅल्शियम असतं, जास्तीचं नाही. माझं मागणं एवढंच की घरात रोज एक वाटी दही बाईच्या नावाने बाजूला निघावं. नवरा-सासूनेही ते लेख वाचून नव्हे, ताट पाहून ठरवावं.

शेवग्याचा पाला कुंपणावर फुकट मिळतो आणि त्यात कॅल्शियम भरपूर आहे. मूठभर पाला वरणात किंवा भाकरीच्या पिठात जातो. हिवाळ्यात हरभऱ्याचे कोवळे शेंडे खुडून केलेली भाजी चांगली. तिळात कॅल्शियम खूप, पण त्यातल्या ऑक्झलेटमुळे सगळं अंगी लागत नाही. पालकाचंही तसंच. जवसाची चटणी चवीला आणि पोट साफ राहायला उत्तम, पण कॅल्शियम तिळापेक्षा बरंच कमी. तळ्यातली बारीक मासळी मिळत असेल, तर काट्यासकट खाल्लेली सुकट हा कॅल्शियमचा चांगला झरा आहे, पूर्व विदर्भातल्या बायांना तो घरबसल्या मिळतो.

आणि चुना. गव्हाच्या दाण्याएवढा चुना पाण्यात, दह्यात टाकून घ्या असं सर्रास सांगितलं जातं. मी सांगत नाही. चुना तीव्र असतो, तोंड आणि अन्ननळी भाजते, आणि दाण्याएवढ्यात किती कॅल्शियम गेलं ते मोजता येत नाही. पन्नास पैशांची बचत करून तोंड पोळून घेतलेली बाई माझ्यासमोर बसलेली आहे.

आता गोळी. स्ट्रिपवर छापलेला आकडा नीट वाचून घ्यायला मेडिकलवाल्याला सांगा, कारण इथेच फसगत होते. 'कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिलिग्रॅम' लिहिलं असेल तर त्यात प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० असतं. कार्बोनेटच्या वजनातलं चाळीस टक्केच कॅल्शियम. 'कॅल्शियम कार्बोनेट ५०० मिलिग्रॅम' असेल तर आत फक्त २००. आपल्याला हवी ती पहिली, ५०० कॅल्शियमवाली, दिवसाला दोन. बऱ्याच गोळ्यांत सोबत २५० युनिट डी-३ जीवनसत्त्व असतं, ते चांगलंच. जनऔषधी केंद्रात हीच गोळी कमी पैशांत मिळते. गरोदर आणि बाळंत बायांना उपकेंद्रातून कॅल्शियम मिळतंच. इतरांनी आरोग्य केंद्राच्या ओपीडीत वही दाखवून डॉक्टरांकडून लिहून घ्यावी.

दोन्ही गोळ्या एकदम घेऊ नका. शरीर एका वेळी ५०० च्या आसपासच नीट शोषतं. एक सकाळच्या न्याहारीबरोबर, दुसरी शेतातल्या शिदोरीबरोबर. कार्बोनेटला जठरातलं आम्ल लागतं म्हणून ती जेवणासोबतच. लोहाची गोळी चालू असेल तर ती रात्री, कॅल्शियमपासून निदान दोन तास दूर, आणि चहापासूनही दूर. दोन्ही एकत्र गेल्या तर कॅल्शियम लोहाची वाट अडवतं. थायरॉइडची गोळी सकाळी अनशापोटी घेत असाल तर कॅल्शियम तिच्यानंतर चार तासांनी, म्हणजे दुपारची आणि संध्याकाळची वेळ धरा. तापासाठी वगैरे डॉक्सिसायक्लिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिन मिळालं असेल तर तेवढे दिवस डॉक्टरांना विचारून कॅल्शियमची वेळ बदला.

पाळीच्या आधीचे आठ दिवस नव्हे, महिनाभर रोज घ्यायची.

पाणी हा याच गोळीचा भाग समजा. शेतात आडोसा नाही म्हणून बाया सकाळपासून पाणी पीतच नाहीत. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांकडे जातो तेव्हाही घोटभर पाण्यावर दिवस काढतात. अशा अंगात कॅल्शियमची गोळी गेली तर मूतखड्याची भीती वाढते. बाटली बांधावर असू द्या, दोन-तीन जणींनी मिळून आडोशाला जायचं ठरवा, पण पाणी प्या. आधी कधी मूतखडा झाला असेल किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर गोळी डॉक्टरांना विचारूनच. पोट गच्च होणं हा याचा नेहमीचा त्रास. पाणी, पालेभाजी, जवस यांनी तो बराचसा निभावतो.

डी: ऊन असूनही कमी

दिवसभर उन्हात राबणाऱ्या बाईला डी कमी कसं, असं डॉक्टरांनाही वाटतं. पण वेचणीला जाणारी बाई पाहा. नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे, तोंडाला घट्ट रुमाल. ऊन कातडीला लागतच नाही. डी कमी असेल तर कॅल्शियम आतड्यातून नीट शोषलं जात नाही, म्हणून त्याचा विचार करायचा. पीएमएसवर एकट्या डीचा पुरावा मात्र ठाम नाही, कुठे गुण दिसतो, कुठे दिसत नाही.

६० हजार युनिटची पुडी किंवा कॅप्सूल डॉक्टर देतात ती आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडेच, दुधाबरोबर किंवा जेवणाबरोबर. ती चुकून रोज घेणाऱ्या बाया मी पाहिल्यात. डी शरीरात साठतं, रक्तातलं कॅल्शियम वाढतं, उलट्या सुरू होतात, मूत्रपिंडाला इजा होते. पुडीवर वार लिहून ठेवा, 'सोमवार' असा मोठ्या अक्षरात.

बी-६: मात्रा चुकली तर नुकसान

मेंदूत सेरोटोनिन नावाचं रसायन तयार व्हायला बी-६ लागतं आणि सेरोटोनिनचा मन ताळ्यावर ठेवण्याशी संबंध आहे. १९९९ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये नऊ अभ्यासांचा, ९४० बायांचा एकत्र आढावा आला. निष्कर्ष असा होता की रोज १०० मिलिग्रॅमपर्यंत बी-६ ने पाळीआधीचा त्रास, विशेषतः उदासपणा, कमी होण्याची शक्यता आहे. ते अभ्यास फार दर्जेदार नव्हते हेही त्यात स्पष्ट लिहिलं होतं. म्हणून माझ्या क्रमात हे कॅल्शियमच्या मागे.

'व्हिटॅमिन आहे, जास्त झालं तर लघवीवाटे जाईल' हे बी-६ च्या बाबतीत खोटं आहे. जास्त मात्रा दीर्घकाळ घेतली की नसांना इजा होते. तळपायांना मुंग्या येतात, बोटं बधिर होतात, चालताना तोल जातो. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये दीर्घकाळाची सुरक्षित मर्यादा दिवसाला १२ मिलिग्रॅमवर आणली, ती याचसाठी.

म्हणून मी असं सांगते: कॅल्शियमच्या तीन पाळ्या झाल्या, शरीराचा त्रास उतरला पण मनाचा उरला, तर डॉक्टरांना विचारून रोज ५० मिलिग्रॅम, जेवणानंतर, तीन पाळ्यांपुरतं. हे बारापेक्षा जास्त आहे, म्हणूनच विचारून आणि तेवढ्याच दिवसांपुरतं. शंभरच्या वर कधीच नाही. मुंग्या आल्या की त्याच दिवशी बंद. आणि आधी घरातली बाकीची पाकिटं तपासा. बी-कॉम्प्लेक्स, मल्टिव्हिटॅमिन, नसांच्या गोळ्या, सगळ्यांत बी-६ असतं आणि बेरीज नकळत वाढते. क्षयाच्या औषधोपचारातही बी-६ दिलं जातं, तेव्हा ते चालू असेल तर वेगळं घेऊ नका. दिवस राहावेत असा प्रयत्न चालू असेल तर हे टाळा आणि डॉक्टरांशी बोला.

ताटातलं बी-६ बिनधोक आहे. भिजवून उकडलेला हरभरा, शेंगदाणे, केळी, बटाटा, मासे, कोंबडी. पोरांच्या डब्यात हरभऱ्याची उसळ जाते तेव्हा एक वाटी आपल्यासाठीही ठेवा.

मॅग्नेशियम आणि इतर

मॅग्नेशियमचे अभ्यास झाले ते लहान लहान. २०० मिलिग्रॅमने अंगावरची सूज आणि छातीचा जडपणा काहींना कमी वाटला, एवढंच. ज्वारी, तूर, शेंगदाणे, तीळ, पालेभाज्या हे आपलं रोजचं खाणं मॅग्नेशियमने भरलेलं आहे. म्हणून भाकर सोडून गव्हाच्या पांढऱ्या पोळ्यांवर आणि बिस्किटांवर गेलेल्या घराने आधी ज्वारी परत आणावी. गोळी घ्यायचीच झाली तर जुलाब होऊ शकतात आणि मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी ती घेऊ नये.

ई जीवनसत्त्वाच्या हिरव्या कॅप्सूल छातीच्या दुखण्यासाठी दिल्या जातात, पुरावा अगदी तोकडा. ईव्हिनिंग प्रिमरोझ तेलाच्या महागड्या कॅप्सूलचा पीएमएसवर उपयोग अभ्यासांत दिसलेला नाही, त्यावर मजुरी घालवू नका. बाजारात गाडीवर विकली जाणारी बिनलेबलची पावडर आणि 'गर्भपिशवीचं टॉनिक' यांत काय आहे ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

अठरा वर्षांखालच्या मुलींना वही, ताट आणि शाळेतली निळी गोळी. कॅल्शियम-बी-६ ची ही मात्रा त्यांच्यासाठी नाही, डॉक्टरांनी सांगितलं तर गोष्ट वेगळी.

गोळ्या ठेवून दवाखान्यात जायचं ते केव्हा

पाळी चुकली असेल तर आधी आशाताईंकडून 'निश्चय' किट घेऊन दिवस राहिलेत का ते पाहा. छातीत पाळी गेल्यावरही राहणारी गाठ, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जाणं, तासाला कापड भिजेल असा स्राव, यांत थांबायचं नाही.

काही जणींचा त्रास मनाला फारच खाली नेतो. जगू नये असं वाटतं, विहिरीकडे पाय वळतात, फवारणीचं औषध घरात ठेवलेलं आठवतं. आपल्या भागात हे वाक्य मी हलकेपणी लिहीत नाही. अशा वेळी १४४१६ या टेलि-मानसच्या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. घरातलं कीटकनाशक त्या दिवसांत कुलपात किंवा दुसऱ्याच्या घरी. या तीव्र प्रकारावर गुण देणारी औषधं आहेत. नैराश्यावरच्या काही गोळ्या यात चांगल्या लागू पडतात आणि काहींना त्या फक्त पाळीआधीच्या पंधरा दिवसांत घ्याव्या लागतात. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, वही तिथे घेऊन जा. त्याला वेड लागणं म्हणत नाहीत.

आणि या त्रासासाठी कोणी गर्भपिशवी काढायला सांगितली तर तिथून उठा आणि दुसऱ्या डॉक्टरांना विचारा. चढउतार होते ती अंडाशयातून. पिशवी काढली आणि अंडाशय राहिलं तर रक्त जाणं थांबतं, चिडचिड-सूज महिन्याच्या महिन्याला येतच राहते. आणि मग ती कधी येणार हे सांगणारं लाल टिंबही उरत नाही. पस्तिशीत पिशवी काढून कर्ज फेडत बसलेल्या बाया मला माहीत आहेत.

तीन पाळ्या झाल्यावर

दोन पाळ्या नुसती वही, तीन पाळ्या कॅल्शियम. पाचव्या पाळीनंतर वहीतली पाळीआधीची दहा पानं काढा आणि आकड्यांची बेरीज करा. पहिल्या महिन्यात ७० आणि आता ४० असेल तर गुण आहे. ७० चे ६५ झाले असतील तर गुण नाही, मग दुसऱ्या पायरीकडे किंवा डॉक्टरांकडे.

गुण आला तरी एक काम उरतं आणि ते बहुतेक जणी टाळतात. एक महिना गोळी पूर्ण थांबवा, वही चालू ठेवा. आकडे परत चढले तर गोळीच कामाची होती. चढले नाहीत तर दही आणि शेवग्यावर भागतंय का ते पुढचे दोन महिने पाहा.

दाराशी घुटमळलेल्या त्या बाईने पाच गोळ्यांतल्या चार माझ्या टेबलावर ठेवल्या होत्या आणि पांढरी, कॅल्शियमची, तेवढी नेली. तिची वही पाचवीतली लेक लिहायची, चिडचिडीच्या रकान्यावर 'आई ओरडली' असं नाव होतं. तिसऱ्या महिन्यात त्या रकान्यात दोन नि तीनच्या जागी एक नि शून्य आलं. बंद केलेल्या महिन्यात तीन परतला. लेकीने स्वतःच शेजारी लिहिलं होतं, "गोळी आणायला सांगितली."